पाडव्याचा गेरू

आमच्या गावात सगळे म्हणायचे की माझा दादा दगडाचा पगार खातो. त्यात खोटं काही नव्हतं, पण म्हणायची तऱ्हा अशी, की जणू तो कुठं दरोडा घालून आलाय. पाथर्डीच्या पलीकडचं आमचं गाव. बहात्तरच्या त्या दुष्काळात तिथं दगडाशिवाय दुसरं होतंच काय? विहिरी कोरड्या, रानं उघडी, आणि झाडून सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. ज्यांच्या घरी एरवी चार-चार गडी राबायचे त्यांच्या सुनासुद्धा डोक्याला फडकं बांधून रस्त्याच्या कडेला हातोडा घेऊन बसलेल्या. आमची आई त्यांच्यातच. दिवसभर फोडून हातात पडायचे दोन-तीन रुपये, वर खायला सुकडी. आणि दादा काय करायचा? तर मशिननं जमिनीत भोक पाडलं की त्यातून उडालेला दगडाचा भुगा गोळा करायचा, वाळवायचा, कापडी पिशवीत भरून चिठ्ठी लावायची, आणि महिना भरला की सरकारकडून पगार घ्यायचा. गावातली एक म्हातारी त्याला भर पारावर म्हणाली होती, "दत्तू, तुज्या साहेबाला इचार की रं, आमचा बी दगूड घेतो का. लई मऊ हाय." सगळा पार हसला. दादाही हसला, पण रात्रभर त्याच्या मनातून ते गेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

हे मी माझ्या नातीला सांगितलं तर मोबाईलमधून तोंड वर न काढता ती म्हणते, "म्हणजे मामाआजोबा जिऑलॉजिस्ट होते ना?" नाही गं बाई. जिऑलॉजिस्ट म्हणजे साहेब. ते नगरला बसायचे, जीपमधून यायचे. दादा त्यांच्या हाताखालचा तांत्रिक सहायक, तोसुद्धा हंगामी. विज्ञान घेऊन कॉलेजची दोन वर्षं कशीबशी झाली, पुढं झेपेना, म्हणून तो पाण्याच्या सर्वेक्षणात लागला. मशिन ज्या तालुक्यात तिथं दादा. त्या वर्षी मशिन श्रीगोंदा तालुक्यात होतं, म्हणून दादानं काष्टीला खोली घेतली. आणि आमच्या गावची शाळा सातवीलाच संपत होती, म्हणून आठवीपासून दादाच्या मागं मी. त्याला भाकरी थापायला माणूस हवं होतं आणि मला हायस्कूल हवं होतं, असा सरळ व्यवहार.

पगार हातात यायचा तो पावणेतीनशेच्या आतबाहेर. ऐकायला केवढा वाटायचा! गावाकडं तर अण्णा, म्हणजे आमचे वडील, चारचौघांत "आमच्या दत्तूचे तीनशे" असंच सांगायचे. पण काष्टीत राहून बघावं. शंभराची मनिऑर्डर गावाला जायची. खोलीभाडं, रॉकेल, सरपण, आणि पाणीसुद्धा विकत. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावरून काढता काढता दोन तुकडे. चांगली ज्वारी घ्यायची तर शनिवारच्या बाजारात, आणि तिथं भाव ऐकून दादा नुसता धान्यात हात घालून परत काढायचा. गंमत बघा, त्याच बाजारात बैल मात्र मातीच्या मोलानं चालले होते. चाऱ्यावाचून लोकांनी दावणी सोडून आणलेल्या. सगळ्या बाजारात जनावरांचं हंबरणं भरून राहिलेलं असायचं आणि घ्यायला कुणी नाही. मला तो आवाज सहन व्हायचा नाही. मी मीठ-मिरची घेऊन पळत घरी यायचे. मुक्कामाचा भत्ता निघाला त्या महिन्यात आम्ही डाळ खायचो, एरवी हुलग्याचं माडगं आणि शेंगदाण्याची चटणी. आणखी एक, जे कुठल्याही पगारपत्रकात लिहिलेलं नसायचं. ज्या वस्तीवर पाणी लागलं तिथले लोक दादाला दूध, अंडी, वांगी नको म्हणता म्हणता देऊन टाकायचे. जिथं बोअर कोरडी गेली तिथं कुणी चहाला विचारत नसे. सलग तीन बोअर कोरड्या गेल्या की आमच्या घरात दूध बंद. आमची महागाई बाजारावर नव्हती, खडकावर होती.

खोली पत्र्याची, पुढं ओसरी. दुपारी पत्रा तापून तडतडायचा आणि मी ओल्या फडक्याखाली डोकं ठेवून भूमितीची प्रमेयं पाठ करायचे. शेजारी घरमालकीण गंगूकाकू. बोलायला फटकळ, पण पाण्याचा टँकर आला की आधी मला हाक मारायच्या, "सुमे, घागर आन, प्रमेय कुटं पळून जात न्हाई." संध्याकाळी दादा यायचा तो नखशिखांत राखाडी. पापण्या, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळीकडं दगडाची पूड. दोन तांब्यांत अंघोळ करायची आणि तेच पाणी बादलीत धरून ठेवायचं, सकाळी त्यात कपडे. आणि मग ओसरीवर पोत्यांवर त्याचे ढीग मांडणं चालायचं. दर दहा फुटांच्या भुग्याचा एक ढीग, त्यात खोचलेली चिठ्ठी. साइटवर वारं फार, म्हणून तो ते घरी आणून वाळवायचा. मला एकेक दाखवायचा. हा काळा, कठीण, यात पाण्याला जागा नाही. हा पांढऱ्या खड्यांचा. आणि हा तांबडा, "हा दिसला की जीव हरखतो बघ सुमे," म्हणायचा, "एक खडक संपून दुसरा सुरू व्हायची ही जागा. याच्या खाली काहीतरी असतं." माझं अर्धं लक्ष असायचं. मला दादाचा तो हरखलेला चेहरा बघायला आवडायचा, एवढंच.

त्या पाडव्याला आई काष्टीला येणार होती, आणि ती नुसती सणाला येणार नव्हती. ती मला न्यायला येत होती. अण्णांनी पत्र धाडलं होतं, गावातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. दहावीची परीक्षा झाली की सुमनला आईबरोबर पाठवणे, एवढ्यात भागत नाही, तिचेही दोन हात कामावर लागले तर घरात तेवढेच येतील. पुढं अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, एकच वर्ष राहिलं होतं माझं! एकच! मी दादाशी भांडले, रडले, जेवले नाही. दादा तरी काय करणार? त्यानं मान खाली घालून एवढंच सांगितलं, "साहेब पाडव्याला येणारेत. हंगामीचं कायम झालं तर पगार वाढेल, मग मी अण्णांशी बोलतो. तोवर गप्प अभ्यास कर." दुष्काळात साहेबांना सणवार नव्हते. जवळच्या एका वस्तीवर बोअर दीडशे फूट जाऊन कोरडी उभी होती. आणखी खाली जायचं, की मशिन उचलायचं, हे साहेब दादाचे नमुने बघून ठरवणार होते. दादाला कायम करायचा साहेबांचा शेराही त्यावरच. माझी मॅट्रिक, दादाचं कायम होणं आणि त्या वस्तीचं पाणी, सगळं आमच्या ओसरीवर पोत्यावर वाळत पडलं होतं. दादानं खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेऊन त्यावर शाईनं ठसठशीत लिहिलं, 'सरकारी नमुने. हात लावू नये.' आणि तो ढिगांच्या मधोमध उभा केला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. दादा पहाटेच साइटवर गेलेला. पेपर चांगला गेला म्हणून मी खुशीत घरी येत होते, तर आमच्या गल्लीत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. एका ओळीत चार-पाच घरांचे उंबरे लालभडक सारवलेले. ओले, ताजे. दुष्काळात गेरू आणायला कुणाकडं पैसे होते? मला इतकं बरं वाटलं! सण आल्यासारखं वाटलं. गंगूकाकूंचा उंबरा लाल, त्यांची तुळस लाल. आमचा उंबरा लाल, ओसरीची कड लाल, आतली चूल लाल. दारात पांढरीशुभ्र रांगोळी. आणि सकाळच्या गाडीनं आलेली आई पदर खोचून, कोपरापर्यंत लाल हातांनी, काळ्या भुग्यानं आमची पितळी घागर अशी घासत बसलेली, की घागरीत तोंड दिसावं.

"आलीस व्हय? बग तरी घर कसं दिसतंय! माज्या लेकानं सणाला गेरू आणून ठिवलाय, मला म्हाईतच न्हाई," आई म्हणाली. "लई मोप हुता. म्हनलं आपल्यालाच कशाला, समद्यास्नी दिला वंजळ वंजळ. रांगुळीबी किती पांढरी हाय बग."

मी पोत्याकडं बघितलं. पोतं झाडून, घडी घालून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. चिठ्ठ्या तिनं फेकल्या नव्हत्या, लेकाचे कागद म्हणून नीट गोळा करून खड्याखाली दाबून ठेवल्या होत्या. आता त्या चिठ्ठ्यांचा काय उपयोग? मी मटकन खालीच बसले, आणि आईला वाटलं, पोरगी उन्हानं आली, चक्कर आली. तिनं मला गुळाचा खडा दिला.

दादा संध्याकाळी आला. उंबऱ्याशीच थांबला. खाली बघितलं, रांगोळी बघितली, घागर बघितली. मग अगदी हळू म्हणाला, "आई, तू माझी नोकरी सारवलीस गं." आईला कळेना. दादानं समजावलं तेव्हाही तिला आधी खरंच वाटेना. मातीला सरकार काय करणार? मग तिला हळूहळू कळलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला माझा राग धरता येईना. मशिनवरचा एक माणूस दादाबरोबर आला होता, तो म्हणाला, "सहायकसाहेब, कशाला घाबरता? ओढ्यातली कुठलीबी माती भरू पिशव्यांत. साहेब काय चाखून बघत्यात?" खरं सांगते, मला वाटलं, भरावी. दादा म्हणाला, "आणि त्या वस्तीवरच्या लोकांनी काय प्यायचं, ओढ्यातली माती?" त्या माणसानं खांदे उडवले आणि तो गेला. आई रात्रभर चुलीपाशी बसून राहिली. सकाळी दादानं गुढी उभारली, कडुलिंब वाटून आम्हाला दिला, पण त्या दिवशी त्या कडवटपणाचं कुणालाच काही वाटलं नाही.

साहेब आले ते जीपमधून उतरतानाच घाईत. बुटका, तांबूस चेहऱ्याचा, तोंडाचा पट्टा सतत चालू असा माणूस. दादानं लपवाछपवी केली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि फुटाफुटाची नोंद लिहिलेली आपली वही पुढं केली. साहेबांनी वही बाजूला सारली. "मला वही नको, दगड दाखव. वहीत कुणीही काहीही लिहील," ते ओरडले. "पंधरा ढीग होते ना? कुठायत? उंबऱ्यावर? अरे, मशिनचा एका दिवसाचा खर्च माहीत आहे का तुला?" दादा खाली मान घालून ऐकत होता. गंगूकाकू आणि गल्लीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या, आपापल्या लाल उंबऱ्यांच्या आत. बोलता बोलता साहेबांची नजर चुलीकडं गेली. तिथं तो पुठ्ठा पडला होता. आई आदल्या दिवसापासून त्यानं चुलीला वारा घालत होती. एक कोपरा करपला होता, पण अक्षरं शाबूत होती. साहेबांनी तो उचलला आणि सरळ आईपुढं नाचवला.

"बाई, हे केवढं लिहिलंय इथं! दिसत नाही तुम्हाला?"

आईनं पदर सावरला. साहेबांच्या तोंडाकडं बघत, आवाज न चढवता ती म्हणाली, "दिसतंय साहेब. डोळं चांगलं हायेत माजं. वाचता येत न्हाई."

साहेब तो पुठ्ठा हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला त्या वयात कळलं नाही, आणि आता कळल्याचा आव आणायचा नाही. त्यांनी पुठ्ठा हळूच चुलीपाशी ठेवला. मग खिशातून चाकू काढून ते आमच्या उंबऱ्यापाशी बसले, आणि वाळलेला गेरू खरवडून कागदावर घेतला. बोटांत चोळला, पाणी लावून बघितला. गंगूकाकूंच्या उंबऱ्यावर गेले, तिथलाही घेतला. पलीकडच्या घरचा घेतला. "एवढी घरं सारवून झाली म्हणजे थर बराच जाड आहे की रे," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी दादाच्या हातातली वही घेतली आणि तळाच्या तांबड्या थराची शेवटची पानं वाचली. "मशिन उचलू नका. आणखी खाली जा. आणि नवे नमुने घराबाहेर ठेव, निदान सणाच्या दिवसांत." दोन दिवसांचा भत्ता कापतो म्हणाले, आणि कापलाही. आईनं पुरणपोळी पुढं केली ती उभ्यानंच खाल्ली आणि कटाची आमटी वाटीनं प्यायले. पुढं त्या वस्तीवर पाणी लागलं. फार नाही, हापशापुरतं, पण लागलं. दादा कायम मात्र लगेच झाला नाही. साहेबांनी शेरा चांगला लिहिला असं कळलं, आणि ऑर्डर पुढच्या वर्षी केव्हातरी आली. सरकारी ऑर्डर ती, तिला कसली घाई.

पण माझं वर्ष तर आत्ताच हातातून चाललं होतं. पगार तेवढाच, भत्ता उलट कापलेला, आणि अण्णांचा निरोप जागच्या जागी. मी उरलेले पेपर दिले. आई तोवर राहिली. ती एरवी अखंड बोलणारी बाई, पण पाडव्यापासून जरा गप्प होती. एका दुपारी मी इतिहास वाचत होते तर म्हणाली, "सुमे, त्या पुठ्ठ्यावर काय लिवलंय ते वाच बरं." मी वाचून दाखवलं. "येवढंच?" "एवढंच." तिनं पुठ्ठा मांडीवर घेऊन एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. "ह्ये कोंचं?" "हा." "आन् ह्ये?" "त. दोन्ही मिळून हात." तिनं आपल्या हाताकडं बघितलं, खडी फोडून नखं मोडलेल्या. मला तिचा इतका राग होता आणि इतकी कीव येत होती, की मी उठून पाणी आणायला गेले.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझी ट्रंक भरली. पुस्तकं गंगूकाकूंच्या भाचीला देऊन टाकली. उगाच कशाला न्यायची? गंगूकाकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "ये गं अधनंमधनं." दादा ट्रंक घेऊन स्टँडवर आला. नगरला गाडी बदलून पाथर्डी. एसटी आली, खचाखच भरलेली, टपावर कडब्याच्या पेंढ्या. आई दांडा धरून वर चढली. मी ट्रंक उचलून दादाकडं दिली, म्हटलं, वर दे.

"ती ट्रंक वर दिऊ नगंस," आई पायरीवरूनच म्हणाली.

दादा ट्रंक धरून थांबला. मला वाटलं, गाडीत जागा नाही म्हणून म्हणते. आई मागच्या माणसांना कोपरानं ढकलत तिथंच उभी राहिली. "दत्तू, आता शंभराची मनिऑर्डर करू नगंस. कमी कर. जे पैसं ऱ्हातील त्यात हिची पुस्तकं घे. दिली वाटतं हिनं समदी वाटून, येडी कुटली."

"आणि घरी कसं भागवायचं, आई?" दादा म्हणाला. "अण्णा काय म्हणतील?"

"तुज्या बापाला काय सांगायचं ते मी सांगते. न्हाई आयकलं तर त्यो पुठ्ठा हाय माज्या पिशवीत, म्हनंन, घ्या, वाचून दावा. त्यालाबी कुटं येतंय!" आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "खडी काय, मी चार घमेली जास्त फोडीन. तू रडू नगंस, माणसं बघत्यात."

मी रडत होते, हे मला तिनं म्हटल्यावर कळलं. गाडीत वीस माणसं ओरडत होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं. "ओ बाई, ती पोरगी येतीय का न्हाई? का आज हितंच मुक्काम करायचाय?"

"न्हाई येत," आई म्हणाली. "मॅट्रिक ऱ्हायलीय तिची. मारा घंटी."